कोवळं, जून, निबर



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. पानाचे भाग शिकवायचे असले की त्या वर्गात मेथीची जुडी आणत, शेंग शिकवायची असली की पावटा. तास संपल्यावर ती भाजी वर्गातल्याच कुणाच्या तरी घरी जाई आणि संध्याकाळी शिजे. त्यांच्या नावानं बोलायचं तर विषय घरच्या साध्या स्वयंपाकाचा असावा, असं मी संयोजकांना सुचवलं. त्यांनी तो आनंदानं मान्य केला, त्याबद्दल त्यांची मी ऋणी आहे.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. रोजचा साधा स्वयंपाक चांगला होणार की नाही, हे बरंचसं गॅस पेटवण्याच्या आधी ठरलेलं असतं. भाजी कधी खुडली, पीठ कधी दळलं, तांदूळ नवा की जुना, वांगं कुणी आणि कसं पारखून घेतलं, यावर ते ठरतं. साध्या स्वयंपाकात झाकायला काही नसतं. कांदा-खोबऱ्याच्या दाट वाटणात शिळी भाजी खपून जाते. नुसत्या लसूण-मिरचीच्या फोडणीत ती लगेच उघडी पडते. म्हणून जिन्नस ओळखणं ही या स्वयंपाकातली पहिली विद्या आहे, आणि आपल्या घरांतून आज तीच सगळ्यात आधी निघून चालली आहे, याची मला मनापासून काळजी वाटते.

भाकरीपासून सुरुवात करते. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं. कणीक मळली की त्याचं चिवट जाळं तयार होतं आणि पोळी लाटता येते. ज्वारीत ते नाही. ज्वारीची भाकरी एकसंध राहते ती पाण्यानं, पिठातल्या स्टार्चनं आणि हाताच्या दाबानं. त्यामुळे पीठ जुनं झालं की भाकरी लगेच बोलते. पिठाची विरी गेली, असं आपल्याकडच्या बायका म्हणतात. मग थापताना कडा चिरतात आणि परातीतून उचलताना भाकरी मोडते. यावर उपाय आहे आणि तो घरोघरी ठाऊक आहे: पिठात उकळतं पाणी घालायचं. उष्ण पाण्यानं स्टार्चचे कण फुगतात, पिठाला चिकटपणा येतो आणि भाकरी थापता येते. पण उपाय थापण्यापुरता आहे. गेलेली चव त्यानं परत येत नाही.

बाजरीचं तर याहून नाजूक. बाजरीच्या दाण्यात ज्वारीपेक्षा स्निग्धांश जास्त असतो. दाणा अख्खा असतो तोवर तो सुरक्षित राहतो. दळला की दाण्यातलीच विकरं त्या स्निग्धांशावर काम करू लागतात आणि थोड्याच दिवसांत पीठ कडवट होतं. बाजरी कडू लागते म्हणून तोंड वाकडं करणाऱ्या कितीतरी मुलांनी ताज्या दळणाची बाजरी कधी खाल्लेलीच नसते. ज्यांच्या गल्लीत गिरणी शिल्लक आहे त्यांना माझं सांगणं आहे की दळण थोडं थोडं द्या, आठवड्याला पुरेल एवढंच. महिन्याभराचं पीठ एकदम दळून ठेवण्यात वेळ वाचतो खरा, पण बाजरीच्या बाबतीत तो वाचलेला वेळ जिभेवर वसूल होतो.

भाकरी करताना पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा, सगळीकडे सारखा. ते पाणी पुरतं सुकू द्यायचं नाही. चकाकी जाऊ लागली की उलटायची. उशीर झाला तर वरचा थर तडकतो आणि मग काहीही केलं तरी भाकरी फुगत नाही. वेळेत उलटली, खालची बाजू नीट भाजू दिली आणि मग आचेवर धरली की आतली वाफ पापुद्रा सोडवते. यातलं कुठलंच काम घड्याळ लावून होत नाही. पाण्याची चकाकी बघावी लागते, आणि ती बघायला शिकलेला माणूस पुढे चुलीवर, गॅसवर, इंडक्शनवर, कुठेही भाकरी करू शकतो.

ज्वारीतही ज्वारी असते. सोलापूर भागातली मालदांडी, आपण जिला शाळू म्हणतो ती रब्बीची ज्वारी, काळ्या खोल जमिनीत पावसाळ्यानंतर उरलेल्या ओलीवर येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा शहरांतल्या दुकानांत ज्वारीचे कुकीज आणि बाजरीचे पास्ते आले. त्यांना माझा विरोध नाही. फक्त मला असं वाटतं की ज्या धान्याची ताजी गरम भाकरी होते, त्याची ओळख आपल्या मुलांना आधी भाकरीतून व्हावी. आणि त्याही आधी हुरड्यातून. थंडीत कणसातला दाणा दुधाळपणा सोडून भरत आला, पण अजून कडक झाला नाही, असे मोजकेच दिवस असतात. आगटीत कणीस भाजायचं, गरम असतानाच हातावर चोळायचं, फुंकर मारून फोलपट उडवायचं. बाजूला शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, दही, गुळाचा खडा. यात स्वयंपाक म्हणावा असं जवळजवळ काही नाही. जे आहे ते सगळं त्या चार दिवसांच्या वेळेत आहे.

आता पालेभाजी. मेथीची जुडी सोडली की एक काडी मोडून बघावी. कट्कन मोडली तर कोवळी, वाकली आणि धागा निघाला तर जून. भेंडीचा शेंडा मोडून बघतात, दुधीला नख लावून बघतात, गवारीची शेंग वाकवून बघतात. वांगं हातात हलकं आणि घट्ट लागावं, देठ हिरवा असावा. जड वांग्यात बी जास्त निघतं. मंडईत असं बघणाऱ्या गिऱ्हाइकाला भाजीवाली बोलते कधी कधी, पण त्याच गिऱ्हाइकाला ती पुढच्या वेळी खालची, सावलीतली जुडी काढून देते. कोवळं, जून आणि निबर यांतला फरक बोटांना कळावा लागतो, आणि बोटांना तो बाजारात उभं राहूनच कळतो. घरबसल्या मागवलेल्या भाजीच्या पिशवीत तो कळायला जागा नाही.

मेथी निवडावी, मग भरपूर पाण्यात सोडून पानं वर उचलून घ्यावीत. माती तळाशी बसते. पाणी ओतून दिलं तर तीच माती परत पानांवर येते. धुणं चिरण्याआधी, कारण चिरल्यावर धुतलं की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं, क आणि फोलेट, त्या पाण्याबरोबर मोरीत जातात. लोखंडी कढईत तेल, ठेचलेला लसूण, मिरची, असेल तर भिजवलेली मूगडाळ, आणि मग मेथी. मीठ आताच घालू नये. कढईभर दिसणारी भाजी बघता बघता मूठभर होते. मीठ तिच्या बसल्यानंतरच्या आकाराला घालायचं असतं. झाकण ठेवू नये. पालेभाजी शिजताना तिच्यातली आम्लं वाफेबरोबर बाहेर पडतात. झाकणाखाली ती कोंडली जातात, पानांतल्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवी भाजी शेवाळी रंगाची होते. माझी आजी हे रसायनशास्त्र शिकलेली नव्हती. झाकण ठेवू नको, भाजी काळी पडेल, एवढंच ती म्हणायची, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं.

अशी जाण प्रत्येक भाजीमागे आहे. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो; म्हणून अळूच्या फतफत्यात चिंच किंवा आंबट चुका. कोकणात आणि ठाणे-पालघरकडे पावसाच्या सुरुवातीला शेवळं येतात, त्यांची खाज याहून जहाल, म्हणून त्यांच्या जुडीसोबतच काकडं ही आंबट फळं विकायला असतात. विकणाऱ्या आदिवासी बाईला ठाऊक असतं की एकाशिवाय दुसरं देऊ नये. चाकवताची ताकातली भाजी करताना ताकाला आधी डाळीचं पीठ लावतात, कारण पिठामुळे ताक आचेवर फुटत नाही. वरणभातावर लिंबू पिळतात. डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह शरीराला नीट घेता येण्यासाठी क जीवनसत्त्वाची मदत होते. नव्या तांदळाला पाणी कमी, जुन्याला जास्त. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातचा मावळचा नवा इंद्रायणी गिच्च होतो आणि तो तांदळाला नावं ठेवतो.

मटाराचं एक सांगते, कारण त्यात ताजेपणाची गोष्ट अगदी स्वच्छ दिसते. शेंग वेलीवरून तोडली की दाण्यातल्या साखरेचं स्टार्चमध्ये रूपांतर होऊ लागतं. सासवडच्या शेतातून सकाळी निघालेली शेंग संध्याकाळी पुण्यात सोललीत तर दाणा गोड असतो, तिसऱ्या दिवशी तोच पिठूळ लागतो. परदेशात राहणारी आपली मुलं फ्रीझरमधला मटार वापरतात म्हणून घरची वडीलधारी माणसं हळहळतात. त्यांना मी सांगते की हळहळू नका. तोडल्यावर लगेच गोठवलेला मटार तीन दिवस पोत्यात पडलेल्या शेंगेपेक्षा पुष्कळदा चांगला असतो. ताजेपणा म्हणजे वेळेचा हिशोब आहे, तो जिथे नीट पाळला जातो तिथे मला यंत्राचं वावडं नाही.

वांग्यासाठी खानदेशात जायला हवं. जळगावकडची भरताची वांगी मोठी, हिरवट, पांढरी झाक असलेली आणि गराची. त्यांनाही २०१६ सालीच भौगोलिक मानांकन मिळालं. कपाशीचा हंगाम संपला की शेतात वाळलेल्या काड्या असतात. त्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात, सालं काढून लाकडी बडगीत ठेचतात आणि वर हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे यांची तेलातली फोडणी. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेली. इंधनही शेतातलं, वांगंही शेतातलं, आणि दोन्ही एकाच ऋतूत हाताशी येतात. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांत ते चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत-रोडग्यानं परत येतं, थंडी पडल्यावर, वांगं खरोखर चवीला आल्यावर. भोगीच्या भाजीतही तेच: पावटा, ओला हरभरा, वांगी, गाजर, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. जानेवारीच्या मध्यात आपल्या शिवारात जे जे असतं ते एका पातेल्यात येतं. पंचांग आणि बाजार यांची अशी सांगड ज्यांनी घातली त्यांना मी मनोमन नमस्कार करते.

पाककृतींची पुस्तकं मराठीत जुनी आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं सूपशास्त्र १८७५ सालचं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापामुळे नव्या संसारातल्या लाखो हातांना त्यानं धीर दिला. या पुस्तकांबद्दल मला अपार आदर आहे. पण पुस्तक एक जुडी मेथी म्हणतं तिथून पुढे सुरू होतं. ती जुडी कोणती, हे घरातल्या जाणत्या माणसाबरोबर बाजारात गेल्याशिवाय कळत नाही. आता यू-ट्यूबवर कृती हव्या तितक्या मिळतात, हात दिसतात, फोडणीचा आवाजही ऐकू येतो. जुडी निवडण्याचा भाग मात्र तिथेही बहुधा आधीच होऊन गेलेला असतो.

इथे मला थोडं थांबून एक अवघड गोष्ट बोलायची आहे. ताजं आणि साधं याचं कौतुक करताना ते कुणाच्या वाट्याला होतं हे विसरता येत नाही. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या स्वयंपाकाची ती नोंद आहे. आपल्या खाद्यपरंपरेच्या पुस्तकांत या चुलींना जागाच नव्हती, हे ते वाचताना कळतं. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्याकडे कोवळी मेथी कुठून येणार? मांस मिळालं त्या दिवशी मिळालं. ते सुकवून चान्या करून ठेवायच्या, कारण पुन्हा केव्हा मिळेल त्याचा भरवसा नाही. रानातली, बांधावरची भाजी मात्र फुकट होती, आणि कुठला पाला खायचा याचं ज्ञान याच घरांत सर्वांत जास्त टिकलं. १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीवर दिवस काढलेली माणसं या सभागृहात बसलेली असतील. त्यांच्यासमोर गरिबीचं जेवण किती चवदार असतं असं मी कधीच म्हणणार नाही. चांगलं, ताजं अन्न हा आवडीचा विषय होण्याआधी तो वाट्याचा विषय आहे.

तेव्हा बियाण्याकडेही बघावं लागतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाल, घेवडे, भाज्या, भात यांची बियाणी जमवली, टिकवली आणि इतर शेतकरी बायकांना वाटली. त्यांना २०२० सालचा पद्मश्री मिळाला. परसात चार वेल लावायला सांगणारी ही बाई आहे. परसातला वेल असला की ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याही ताटात त्या दिवशी खुडलेली शेंग येते. ताजेपणाच्या दिशेनं टाकलेलं याहून न्यायाचं पाऊल मला माहीत नाही.

दुसरी अवघड गोष्ट घरातली आहे. घरचं ताजं जेवण हवं असं म्हणणाऱ्यांनी ते करायचं कुणी, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातलं विनामोबदला काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. आणि पुरुषांमध्ये असं काम करणारे मुळात थोडे. गरम भाकरी ताटात पडावी म्हणून तव्यापाशी उभी असलेली बाई शेवटी एकटी, गार भाकरी खाते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ही रीत मोडली पाहिजे. मोडणं शक्यही आहे, कारण साधा स्वयंपाक वाटून घ्यायला फार सोपा असतो. एकानं मेथी निवडावी, एकानं लसूण सोलावा, एकानं भाकरी थापावी, एकानं भाजावी. वरण, भात, एक पालेभाजी आणि भाकरी एवढं दोन माणसांनी मिळून केलं तर तासाच्या आत होतं आणि दोघंही गरम जेवतात. मुलाला दहाव्या वर्षी भाजी निवडता आली पाहिजे, बाराव्या वर्षी वरणभात. मुलगा असो की मुलगी. सून आणल्यावर गरम जेवण मिळेल अशी वाट बघणारी घरं मला दुःख देतात.

आणि रोज पाच पदार्थ हवेत हा आग्रहही सोडावा. हरभऱ्याचा पाला आणि भाकरी. अंबाडीची भाजी, वर लसणाची चरचरीत फोडणी. मुगाची खिचडी, ताक, भाजलेला पापड. यांतलं कुठलंही एक जेवण पुरं आहे. पाहुणा आला म्हणून त्यात तळण आणि गोड वाढवायलाच हवं असं नाही. चांगल्या ताज्या भाजीनं पाहुण्याचा मान राहतो, असा माझा अनुभव आहे.

शेवटी, आपल्या गावचे नगरसेवक आणि मुख्याधिकारी समोर बसले आहेत, म्हणून एक मागणी करते. आपल्या आठवडी बाजारात पालेभाजी घेऊन बसणाऱ्या बहुतेक बायका रस्त्याच्या कडेला, उघड्या उन्हात बसतात. धान्याच्या आणि फळांच्या गाळ्यांना पत्रा आहे. सगळ्यात लवकर सुकणारा माल मात्र उन्हात. पहाटे खुडलेली मेथी अकरा वाजता मान टाकते, मग ती बाई जुडी निम्म्या भावानं देते किंवा संध्याकाळी गाईपुढे टाकते. नुकसान तिचं होतं आणि आपल्या ताटाचंही. त्यांच्या जागेवर छप्पर आणि जुड्यांवर शिंपडायला पाण्याचा एक नळ, एवढंच लागतं. पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ साली उभी राहिली, दगडी, उंच छताची, सावलीची. गावाच्या भाजीला चांगली जागा द्यायची ही कल्पना काही नवी नाही. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी निवेदन तयार केलं आहे, ते दाराशी टेबलावर ठेवलं आहे. जाताना त्यावर सही करा.